पूजेत न बसणारा पाना

सोयाबीन काढणीला आलं की आमच्या तेर गावच्या हवेत एक वास भरतो. परतीच्या पावसानं भिजलेल्या काळ्या मातीचा, मळणी यंत्रातून उडणाऱ्या भुश्शाचा आणि चौकात ढीग लागलेल्या झेंडूचा. माझ्या गॅरेजात त्यात डिझेलचीही भर पडते, कारण खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी सगळी हत्यारं डिझेलमध्ये बुडवून, घासून, पुसून लख्ख करतो. वर्षभर काळ्या थराखाली दडलेले आकडे त्या दिवशी वर येतात. कुठला पाना चोवीसचा आणि कुठला सत्तावीसचा हे मला एरवी नुसत्या हाताला कळतं. बाकीच्यांना ते वर्षातून एकदाच वाचता येतं.

खंडेनवमीला ही हत्यारं देवीच्या फोटोपुढं पाटावर मांडायची, हळद-कुंकू वाहायचं, माळ घालायची आणि मग दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. गावात सगळ्यांचंच असं. कुणाचा विळा बसतो, कुणाची कात्री, कुणाचा वस्तरा. पोरांच्या वह्या-पुस्तकंही बसतात, आणि त्या दिवशी एकेक पोरगं असं धार्मिक होतं की बघत राहावं. माझंही सगळं बसतं. एक सोडून. लांब दांड्याचा, सगळ्यात जड असा एक पाना आहे, तो पूजेत बसत नाही. त्याला धुतो, पुसतो, कुंकूही लावतो, पण तो दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला राहतो. नवीन माणूस हमखास विचारतो, मिस्त्री, हा राहिला की. मी सांगतो, त्याची ड्युटी आहे.

यंदाही तो टांगला. खाली उभा राहून त्याच्याकडं बघत असताना तो हंगाम पुन्हा आठवला. दरवर्षीच आठवतो म्हणा.

पुढच्या चाकांचं काम ही माझी खासियत. बढाई वाटत असेल तर वाटू दे, इथून धाराशिवपर्यंत कुणालाही विचारा. गाडी आली की मी आधी खाली बसतो आणि टायरवर तळहात फिरवतो. बाहेरून आत हात गुळगुळीत गेला आणि परत येताना रबराच्या कडा टोचल्या, तर चाकं पुढून आत वळलेली. उलटं लागलं तर फाकलेली. एकच कड झिजली असेल तर चाक कललेलं. मग चाक उचलून वरखाली हलवायचं. किंगपिन, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं ती, ढिली असेल तर आतून टक् असा आवाज येतो, आणि तो आवाज मला चहा पिता पिता समोरच्या टपरीवरूनही ऐकू येतो. गाडी एका बाजूला ओढत असेल तर जरा पळवून आणायची आणि दोन्ही चाकांच्या मधल्या हबना हात लावायचा. एक जास्त तापला असेल तर त्या बाजूचा ब्रेक धरतोय. शहरात आता याच कामाला यंत्रं आली आहेत, पडद्यावर लाल-हिरवे आकडे दाखवतात. चांगली आहेत. पण ढेकळातून, ओढ्यातून, गुडघाभर चिखलातून फिरणारी गाडी त्यावर चढवली की गाडीआधी यंत्रवालाच घामाघूम होतो.

आणि आमची काळी माती! तिच्यासारखी फसवी वस्तू नाही. ओली असते तेव्हा चाकाला सोडत नाही, आणि रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसली की दगड होते. एकदा एक जण पिकअप घेऊन आला, चाळीसच्या वर गेलं की स्टेरिंग थंडीतल्या दातांसारखं वाजतं म्हणून. शहरात कुणीतरी त्याला अख्खा स्टेरिंग बॉक्स बदलायला सांगितला होता. मी त्याच्या हातात जुना स्क्रूड्रायव्हर दिला आणि म्हटलं, जा, चारही रिम आतून खरवडून आण. घमेलं भरून माती निघाली. गाडी गप्प झाली. असल्या गोष्टींनी माणसाची छाती फुगते, माझी तर चांगलीच फुगली होती. मिस्त्रीनं सांगितलं म्हणजे संपलं, असं लोक म्हणायचे आणि मी ते हसून ऐकून घ्यायचो.

इंदूकाकीही तेच म्हणायच्या. काकी साठीच्या पुढच्या, मळणीच्या धंद्यात मुरलेल्या. काका गेल्यावर एका मळणी यंत्राची तीन यंत्रं केली आणि काम पार मुरुम गावापर्यंत नेलं. बोलणं असं तोडून की समोरच्याला वाक्य पुरं करायची सवड नाही. त्यांच्याकडं लष्करानं लिलावात काढलेला जुना ट्रक आहे, चारही चाकांना जोर असलेला. गावात त्याला मिलिटरीच म्हणतात. परतीचा पाऊस बसला आणि रानात ट्रॅक्टर रुतून बसले की मिलिटरी पुढं होतो, मळणी यंत्र ओढत बांध ओलांडतो आणि पोती भरून बाहेर येतो. तो आवाज ऐकला की माणसं रस्त्याकडंला येऊन उभी राहतात. मीही राहतो.

मिलिटरीचे ड्रायव्हर नामदेवतात्या. वीस-बावीस वर्षं तोच ट्रक, तोच माणूस. घर मेंढरं-शेरडं राखणाऱ्यांचं. अजूनही दारात पाच-सहा काळ्या शेळ्या असतात आणि तात्या ट्रकशी बोलतात तेही शेळीशी बोलल्यासारखंच. ओढ्यात उतरताना ‘दमानं, दमानं’ म्हणतात. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. पण चिखलात चाक कुठं टाकावं हे त्या माणसाला जसं कळतं तसं मी दुसऱ्या कुणात बघितलेलं नाही.

त्या हंगामाच्या आदल्या वर्षी, नवरात्रात, मी मिलिटरीचे पुढचे पाटे नवे बसवले होते. पाटे म्हणजे चाकाच्या वर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, ट्रकचा सगळा भार झेलणाऱ्या. दोन्ही चाकांना जोडणारा ऍक्सल या पाट्यांना मोठमोठ्या यू-बोल्टनी आवळून बांधलेला असतो, आणि तो जागचा हलू नये म्हणून पाट्यांच्या मधोमध एक सेंटर बोल्ट. नवे पाटे ओझ्याखाली दबून बसले की यू-बोल्ट थोडे सैल पडतात. म्हणून दोन भरल्या खेपा झाल्या की ते परत आवळून घ्यायचे. हा माझा कायदा. पाटे बसवले त्या प्रत्येक गाडीवाल्याला मी हे बोट नाचवून सांगतो, तात्यांनाही सांगितलं होतं.

नंतर फाल्गुनात तात्या आले. म्हणाले, डावीकडं ओढतोय. मी तळहात फिरवला, चाकं उचलून हलवली, हब चाचपले, डावा टायर उजवीकडं आणि उजवा डावीकडं टाकून बघितला. स्टेरिंगची दांडी थोडी फिरवून स्टेरिंग सरळ करून दिलं. सांगितलं, झालं. वैशाखात परत आले. परत तेच सगळं केलं, आणि या वेळी जरा चिडूनच केलं. काकींचा फोन आला तेव्हा मी ठासून सांगितलं की गाडीत काही नाही. आमच्यासारख्याचं हे एक वाईट असतं, दोनदा बघितलेली वस्तू तिसऱ्यांदा बघायला लाज वाटते.

गाडीत काही नाही याचा अर्थ एकच होतो, दोष चालवणाऱ्यात आहे. आषाढात मिलिटरीचं डावं चाक रस्ता सोडून कडेच्या चारीत गेलं. कुणाला खरचटलंही नाही, दोन पोती सांडली एवढंच. पण काकींच्या मनात बसलं की तात्यांचा हात गेला. ड्रायव्हरच्या बाबतीत ‘हात गेला’ म्हणजे काय, हे ज्यानं स्टेरिंग धरलंय त्यालाच कळेल. पैलवानाला कुणी म्हणावं तुझी मांडी गेली, तसं ते. वाईट म्हणजे तात्यांनाही ते पटायला लागलं होतं. त्या पावसाळ्यात ते टपरीवर भेटायचे तेव्हा चहाचा ग्लास डाव्या हातानं धरायचे. मी ते बघत होतो आणि त्यातून काहीच काढत नव्हतो.

मग खंडेनवमी आली. सकाळचं ऊन, रात्रीच्या पावसानं ओली झालेली वाट, गॅरेजच्या दाराला आंब्याचं डहाळं. माझी बायको सुमन खाली बसून झेंडू ओवत होती आणि मी पाटावरची हत्यारं उंचीप्रमाणं लावत होतो. तेवढ्यात मिलिटरी आला. नदीवर नेऊन धुतलेला, अगदी खालपर्यंत. वर्षभर चिखलात लोळणारा ट्रक दसऱ्याला एकदाच धुतात. मूळचा हिरवा रंग दिसला की मला दर वेळी आश्चर्य वाटतं. काकी स्वतः केबिनमध्ये होत्या. दरवर्षी त्या माझा मान घेऊन येतात, नारळ आणि टॉवेल. तात्या उतरले नाहीत, स्टेरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले.

काकींनी नारळ हातात दिला आणि मला बाजूला घेतलं. दसऱ्यापासून मिलिटरीवर नवा ड्रायव्हर ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं. तात्यांना मळ्यावर बसून राखणीचं काम देणार होत्या, घरात कमी पडू देणार नव्हत्या. पण हे तोंडानं सांगायला त्यांची जीभ रेटत नव्हती. इतक्या वर्षांचा माणूस, काकांच्या वेळचा. म्हणून त्यांना वाटत होतं की मीच सांगावं. गाडी चांगली आहे आणि तात्या, आता तुम्ही थांबा, असं मिस्त्रीच्या तोंडून आलं की तात्या वाद घालणार नाहीत. म्हणजे निकाल त्यांनी दिलेला होता, फक्त वाचून दाखवायला मी हवा होतो.

मी हो म्हणालो. खोटं कशाला सांगू, मला त्यात थोडा मोठेपणाही वाटला. सुमननं चहा टाकला. तात्या खाली उतरून बाकावर बसले, ग्लास डाव्या हातात. मी कुठून सुरुवात करावी याचा विचार करत होतो, तर तेच बोलले.

“मिस्त्री, काकी काय म्हणत्यात ते मला म्हाईत हाय. हात गेला आसंल बी. खांदा लई दुखतोय उजवा.” मग ट्रककडं बघत म्हणाले, “पर एक सांगू का? शेळी एका अंगाला वढाय लागली तर आमी तिची मान बघत न्हाय. पाय बघतो. तुम्ही दोन्ही बारीला मान बघितली.”

राग आला. तीस वर्षं गाड्यांखाली काढली आणि शेळ्या राखणारा माणूस मला शिकवतोय, असंच मनात आलं. पण ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं, काढलं तरी निघेना. खरंच की! मी स्टेरिंग बघितलं होतं, टायर बघितले होते, किंगपिन, ब्रेक, म्हणजे सगळं मानेजवळचं. ऍक्सल आपल्या जागेवर आहे की नाही, हे मी बघितलंच नव्हतं. ते बघायची गरजच काय, पाटे मीच बसवले होते.

हत्यारं तर पाटावर बसलेली. मोजायची टेपसुद्धा माळेखाली. मी सुमनपुढची सुतळी उचलली, झेंडू ओवायला आणलेली. तात्यांना चाकं सरळ करून ट्रक सपाट जागी उभा करायला लावला. उजव्या बाजूला मागच्या हबच्या मध्यापासून पुढच्या हबच्या मध्यापर्यंत सुतळी ताणली आणि तिथं गाठ मारली. मग तीच सुतळी डाव्या बाजूला नेली. मागचं टोक काकींना धरायला सांगितलं. काकींनी काही न विचारता धरलं, पदर सावरून, चाकाशी वाकून.

गाठ पुढच्या हबच्या पुढं गेली. दीड बोट.

परत मोजलं. टोकं बदलून मोजलं. दीड बोटच. डाव्या बाजूला पुढचं चाक मागच्या चाकाच्या दीड बोट जवळ आलं होतं. म्हणजे ऍक्सलच तिरका झाला होता, डावं टोक मागं सरकलेलं, आणि अख्खा ट्रक जन्मभर डावीकडं वळायला बघणार होता. मी त्याच धुतलेल्या कपड्यांनिशी ट्रकखाली शिरलो. नेहमी त्या जागी वाळलेल्या मातीचा ढेपसा असायचा, त्या दिवशी नदीच्या पाण्यानं सगळं स्वच्छ. पाट्याखाली ऍक्सलची बैठक होती आणि तिच्यावर पाट्याला घासत ऍक्सल मागं सरकल्याची चकचकीत रेघ होती. सेंटर बोल्टचं डोकं तुटून गेलेलं. यू-बोल्टला मी नुसती बोटं लावली तर नट फिरला.

तिथंच खाली पडल्या पडल्या मला आदल्या वर्षीची खंडेनवमी आठवली.

तात्या आले होते. दोन भरल्या खेपा करून, मी सांगितल्याप्रमाणं, यू-बोल्ट आवळून घ्यायला. हत्यारं नुकतीच पाटावर बसली होती. मी म्हणालो होतो, आज पाने पूजेत हायत तात्या, दसरा झाला की या. मग दसरा झाला, मळणीनं जोर धरला, तात्या रानोमाळ आणि मी दुसऱ्यांच्या गाड्यांखाली. राहिलंच. विसरलो मी, साफ विसरलो, आणि ज्या गोष्टीचा कायदा करून ठेवला होता तीच विसरलो. नंतर दोनदा गाडी माझ्या दारात आली तेव्हा तात्यांनी आठवण का दिली नसेल, असं मला खाली पडल्या पडल्या वाटलं. पुढं कधीतरी मी विचारलंही. तर म्हणाले, तुम्ही सगळं बघितलं, मला वाटलं त्ये बी बघितलं आसंल. माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

आता खरं सांगतो. ट्रकखालून बाहेर यायला मी गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला. तिथून मला काकींची पावलं दिसत होती आणि तात्यांच्या टायरच्या सोलच्या चपला. सुतळीचा अर्थ त्या दोघांनाही कळलेला नव्हता. बाहेर येऊन नुसतं म्हणता आलं असतं की सेंटर बोल्ट तुटलाय, आपल्या वाटांवर तुटतोच. तात्या वाचले असते, मीही वाचलो असतो. पण काकी मग म्हणाल्या असत्या की बोल्ट आज तुटला, चारी आषाढातली. आणि तात्यांच्या मनात तो खांदा तसाच राहिला असता. निम्मं सांगून त्या माणसाचा हात त्याला परत मिळणार नव्हता.

बाहेर आलो. पाठीला चिखल, केसात पाणी. काकींपुढं उभा राहिलो.

“काकी, तात्यांचा हात कुठं बी गेला न्हाय. ट्रक वाकडा झालाय, वर्षभर वाकडाच हाय. आन् त्यो माझ्यामुळं झालाय. गेल्या खंडेनवमीला ह्ये बोल्ट आवळून घ्याय आले हुते, म्या परत धाडलं.”

काकी एरवी वाक्य पुरं करू देत नाहीत. त्या दिवशी करू दिलं. मग हातातली सुतळी त्या गाठीपर्यंत गुंडाळत आणली. मला वाटलं आता करतात माझी बिनपाण्यानं. तात्या मात्र बाकावरून उठले होते आणि कुणाकडंच बघत नव्हते. मला त्यांच्याकडं बघायची हिंमत नव्हती. मग काकींनी एकच विचारलं, कधी नीट होईल.

माझी नजर पाटाकडं गेली. लख्ख घासलेली हत्यारं, वर हळद-कुंकू, माळ अजून अर्धीच घातलेली. तोंडातून निघणारच होतं, दसरा झाला की. इतक्या वर्षांची सवय, जीभ आपली आपण वळते. सुमननं ते ओळखलं. ती उठली, पाटाजवळ गेली, नमस्कार केला आणि मोठा पाना त्यावरची फुलं बाजूला सारून उचलला.

“गेल्या साली बी पाने देवीम्होरंच हुते,” ती म्हणाली, आणि पाना माझ्या हातात दिला.

थंड होता आणि कुंकवानं ओलसर. दुपारपर्यंत काम केलं. ट्रक जॅकवर घेतला, यू-बोल्ट सैल केले, ऍक्सल रेटून पुढं जागेवर आणला, नवा सेंटर बोल्ट बसवला आणि दोन्ही बाजू सगळं वजन टाकून आवळल्या. स्टेरिंगची जी दांडी मी फाल्गुनात फिरवली होती ती परत पहिल्या जागी नेली. काकी एका उलट्या क्रेटवर बसून होत्या. सुमननं त्यांना जेवायला बोलावलं तर म्हणाल्या, उपास हाय, आणि तिथून हलल्या नाहीत. शेवटी सुतळी ताणली. गाठ दोन्हीकडं हबच्या मध्यावर आली. माझ्या आयुष्यात मी कित्येक गाड्या सरळ केल्या असतील, पण सुतळीच्या गाठीकडं बघून डोळ्यात पाणी आलं ते तेवढंच. ते मी डिझेलच्या फडक्यानं पुसलं आणि मग डोळे आणखीच झोंबले.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. तेव्हापासून तो पाना खिळ्याला असतो. गावातल्या एकदोन जाणत्यांनी नाकं मुरडली, देवीचा मान मोडला म्हणाले. मला नाही तसं वाटत. हत्यार दीड-दोन दिवस थांबतं, त्याला विश्रांती मिळते, त्यामागं कृतज्ञता आहे. ती मला मान्य आहे आणि मी ती मनापासून करतो. पण आदराच्या नावाखाली मी तात्यांना परत धाडलं तो आळस होता. पाना उचलून चार नट आवळायला अर्धा तास लागला असता. देवीनं मला अडवलं नव्हतं. आणि हेही सांगतो की माझा तोरा त्यामुळं काही उतरला नाही. उलट आता मी जास्त ठासून बोलतो, फक्त गाडीवाला तिसऱ्यांदा आला तर तिसऱ्यांदाही खाली शिरतो. लाज वाटत नाही. सुतळीचं एक बंडल त्या पान्याशेजारीच टांगलेलं असतं.

त्या दुपारचं एवढंच सांगायचं राहिलं.

काम झाल्यावर आम्ही तिघं मिलिटरीत बसलो. तात्या स्टेरिंगवर, मी मध्ये, काकी डावीकडच्या खिडकीशी. ढोकीच्या रस्त्याला एक लांब सरळ पट्टा आहे. कडेनं लोकांनी सोयाबीन वाळत घातलेलं, त्यावर बसलेल्या साळुंक्या ट्रकच्या आवाजानं उडत होत्या. तात्यांनी वेग घेतला आणि मिलिटरी उजवीकडं जायला लागला.

तात्यांनी सावरला. परत उजवीकडं. काकींनी मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि त्या नजरेत सकाळचा सगळा निकाल जसाच्या तसा होता. तात्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ऍक्सिलरेटर सोडला आणि हलक्या आवाजात म्हणाले, “बघा. हातच गेलाय.”

मग मी त्यांचे हात बघितले. डावा नुसता टेकलेला. उजवा मात्र स्टेरिंग खाली ओढत होता, सगळ्या ताकदीनं, खांद्यातून, शिरा ताणून. डावीकडं पळणाऱ्या ट्रकला रस्त्यावर ठेवायला तो हात कितीतरी महिने रोज असाच ओढत आला होता. आज ट्रक सरळ झाला होता आणि हाताला ते अजून कुणी सांगितलं नव्हतं.

“तात्या,” मी म्हणालो, “तुम्ही अजून माझीच चूक वढताय. सोडा आता. ट्रक सोडा.”

त्यांनी सोडला नाही. इतक्या वर्षांत ज्यानं चालता ट्रक कधी सोडला नाही तो कसा सोडेल? मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला, आणि त्यांनी एकेक बोट सैल केलं. आधी करंगळी, मग दुसरं, मग तिसरं. उजवा हात स्टेरिंगवरून निघाला. डाव्याची दोन बोटं तेवढी टेकलेली राहिली. मिलिटरी सरळ चालत होता. सोयाबीनच्या दोन पिवळट पट्ट्यांच्या मधून, जराही इकडंतिकडं न होता, सरळ.

बराच रस्ता गेल्यावर काकी खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, “परवा सकाळी मुरुमला निघायचंय, तात्या. लवकर या.”

“व्हय,” तात्या म्हणाले.

त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता. त्याला काही काम नव्हतं.